बांबूच्या धनुष्याची वाट राष्ट्रीय स्पर्धेपाशी का खुंटते?

दरवर्षी भरणाऱ्या राष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धेत तीन प्रकारची धनुष्ये मैदानात उतरतात. रिकर्व्ह हे ऑलिम्पिकचे धनुष्य. ७० मीटरवर ठेवलेल्या १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर त्याने बाण सोडायचे असतात. कंपाउंड हे चाकांचे आणि भिंगाचे धनुष्य. त्याचे अंतर ५० मीटर आणि लक्ष्य ८० सेंटिमीटरचे. तिसरा प्रकार ‘इंडियन राउंड’. यात बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य, नेम धरायला कोणतेही उपकरण नाही, आणि अंतरे ३० व ५० मीटर. पहिल्या दोन प्रकारांत राष्ट्रीय पदक मिळवणाऱ्या खेळाडूसमोर भारतीय संघाची निवड चाचणी, विश्वचषक, आशियाई स्पर्धा अशा पुढच्या पायऱ्या असतात. तिसऱ्या प्रकारात पदक मिळवणाऱ्यासमोर पायरीच नसते, कारण जागतिक स्पर्धा, आशियाई क्रीडा स्पर्धा किंवा ऑलिम्पिक यांपैकी कशातही हा प्रकार नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातल्या मुलामुलींच्या हाती घरच्या परिस्थितीत येऊ शकते ते धनुष्य मात्र हेच. ज्या खेळात या भागाला शिरकाव करणे सर्वांत सोपे, त्या खेळातली त्याची वाट राष्ट्रीय स्पर्धेच्या मैदानावर संपते. इंडियन राउंडची स्वतंत्र, दरवर्षी न चुकता भरणारी खुली राष्ट्रीय स्पर्धा या दोन जिल्ह्यांत सुरू करावी आणि तिच्यातील यशाला पुढच्या धनुष्याची व प्रशिक्षणाची हमी जोडावी, असे माझे म्हणणे आहे.

एखादी वार्षिक स्पर्धा खेळाचे नशीब कसे पालटते, याचे उत्तम उदाहरण तिरंदाजीच्या धाकट्या भावंडाचे, डार्ट्सचे आहे. हाताने छोटे बाण फेकण्याचा हा खेळ इंग्लंडच्या पबमध्ये, कामगारवस्तीत खेळला जाई. १९२७ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकाने लंडन परिसरात त्याची स्पर्धा सुरू केली. खेळाडूने आपल्या नेहमीच्या पबमधून सुरुवात करायची, तिथे जिंकला तर पुढच्या फेरीत, मग विभागात, असा तिचा क्रम होता. दहा-बारा वर्षांत तिचा पसारा एवढा वाढला की १९३९ चा लंडनमधला अंतिम सामना पाहायला चौदा हजारांहून अधिक लोक जमले. महायुद्धामुळे खंड पडला, पण १९४७-४८ च्या हंगामापासून ती देशव्यापी झाली आणि पुढची चार दशके टिकली. विश्वविजेते ठरलेले जॉन लो यांनी १९८१ मध्ये, तर एरिक ब्रिस्टो यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये हीच स्पर्धा जिंकली. साधनसामग्रीवर मोठा खर्च, भव्य मैदाने किंवा सरकारी योजना यांतले काहीही या यशामागे नव्हते. लोकांच्या हातात जे साधन होते तेच स्पर्धेचे साधन ठरले, पहिली फेरी खेळाडूच्या वस्तीतच झाली, आणि पुढच्या वर्षी स्पर्धा होणार की नाही ही शंका कुणाला आली नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीचे मोल आपल्याकडे फार कमी ओळखले जाते. बारा वर्षांच्या मुलाला पाच वर्षे सराव करायला लावायचे, तर पाचव्या वर्षीही मैदान भरणार याची खात्री त्याला आणि त्याच्या आईवडिलांना हवी.

भारतीय तिरंदाजीच्या इतिहासात या खात्रीची उणीव पानोपानी दिसते. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हा खेळ अर्धशतकानंतर परतला, आणि १९७३ मध्ये भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली. राष्ट्रीय स्पर्धांची परंपरा तिथून सुरू होते. मात्र पहिली मोठी झेप या स्पर्धांच्या नेहमीच्या वाटेने आली नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७ मध्ये विशेष क्षेत्र क्रीडा योजनेखाली राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याच्या आदिवासी भागात चाचण्या घेतल्या. त्यांतून लिंबाराम आणि श्यामलाल मीणा यांची निवड झाली आणि वर्षभरात, १९८८ मध्ये, ते दोघे सोल ऑलिम्पिकच्या मैदानावर होते. लिंबाराम यांनी १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५७ गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. घरच्या बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला मुलगा योग्य प्रशिक्षण मिळाले तर कुठवर जाऊ शकतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. त्यानंतर देशातल्या प्रत्येक आदिवासी पट्ट्यात अशा चाचण्या दरवर्षी व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात खेळाचा कारभारच वादांत अडकत गेला. संघटनेचे अध्यक्षपद चार दशके एकाच व्यक्तीकडे राहिले. २०१२ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने संघटनेची मान्यता काढली. दोन गटांच्या भांडणामुळे २०१९ मध्ये जागतिक महासंघाने भारताला निलंबित केले आणि त्या वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपल्या तिरंदाजांना तिरंग्याविना खेळावे लागले. २०२० च्या सुरुवातीला निलंबन उठले. मधल्या काळात मैदानावर घाम गाळणाऱ्या पिढीची वर्षे मात्र कुणी परत दिली नाहीत.

यश जिथे आले तिथे ते का आले, हे पाहिले की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. झारखंडमध्ये टाटा स्टीलने १९९६ मध्ये जमशेदपूरला तिरंदाजी अकादमी सुरू केली. रांचीजवळच्या एका रिक्षाचालकाची मुलगी दीपिका कुमारी आधी खरसावांच्या केंद्रात, मग या अकादमीत शिकली. २०१२ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि पुढे चार ऑलिम्पिक खेळली. आपल्या राज्यातले उदाहरण साताऱ्याचे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची विश्वविजेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचे जगज्जेतेपद मिळवले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झाले. नागपूरच्या मुलाला जगज्जेता होण्यासाठी साताऱ्याला जावे लागले, याची विदर्भाने दखल घ्यायला हवी. तिसरे नाव प्रवीण जाधव. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजूर कुटुंबातला हा मुलगा अमरावतीच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत तिरंदाजीकडे वळला, तिथे साध्या बांबूच्या धनुष्याने सुरुवात केली आणि टोकियो व पॅरिस अशी दोन ऑलिम्पिक खेळला. बांबूपासून ऑलिम्पिकपर्यंतची वाट महाराष्ट्रात, तीही विदर्भात, एकदा तरी पूर्ण चालून झाली आहे. फक्त ती अमरावतीहून निघते, आणि भामरागडहून अमरावती सुमारे पाचशे किलोमीटर आहे.

या उदाहरणांतून एक गोड गैरसमजही दूर व्हायला हवा. आदिवासी मुलांच्या रक्तातच नेमबाजी असते, असे भाषणांतून कौतुकाने सांगितले जाते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण या समजुतीने नुकसानच केले आहे. नेम रक्तात असेल तर प्रशिक्षक कशाला, वसतिगृह कशाला, रोज दोनशे-तीनशे बाणांचा सराव तरी कशाला? अदिती शिक्षकाची मुलगी आहे. तिच्या घराण्यात शिकारीची परंपरा असल्याचे कुणी म्हटलेले नाही. तिला धनुष्य मिळाले, मैदान मिळाले, रोज उभा राहणारा प्रशिक्षक मिळाला. माडिया किंवा गोंड मुलाला लाभणारी गोष्ट वेगळी आणि अगदी ठोस आहे. त्याच्या गावात धनुष्य ही अनोळखी वस्तू नाही, ते कसे वळवायचे, दोरी कशी ताणायची हे सांगणारी माणसे घरात आहेत, आणि त्या वस्तूबद्दल आदर आहे. सुरुवातीला एवढी जवळीक असणे मोठी गोष्ट आहे. पण ती सुरुवातीपुरतीच. साध्या धनुष्यावर उभे राहण्याची ढब, श्वासावरचा ताबा, दोरी सुटताना बोटे ढिली सोडणे हे सगळे कमावता येते. रिकर्व्हवर आल्यावर मात्र नेमाचे उपकरण, तोल सांभाळणारे दांडे, सत्तर मीटरचे अंतर आणि वाऱ्याचा हिशेब नव्याने शिकावा लागतो. उपकरणाविना, अंदाजाने नेम धरायची सवय घट्ट झाली की ती मोडायला जड जाते. त्यामुळे हा बदल बारा ते पंधराव्या वर्षांत व्हायला हवा. आज इंडियन राउंड खेळणारी मुले वर्षानुवर्षे त्याच प्रकारात राहतात, कारण पुढचे धनुष्य घेण्याची ऐपत नसते. साधे धनुष्य काही हजारांत येते. स्पर्धेच्या दर्जाचे कंपाउंड बाणांसह घ्यायचे तर खर्च लाखाच्या पुढे जातो. अदितीच्या वडिलांनाही त्यासाठी कर्ज काढावे लागले होते. एटापल्लीच्या किंवा जिवतीच्या कुटुंबाला कर्ज देणार कोण?

या दोन जिल्ह्यांत काय आहे, हेही पाहू. चंद्रपूरजवळ विसापूरला क्रीडा संकुल उभे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच्या उद्घाटनाच्या वेळी ‘मिशन शक्ती’ या क्रीडा मोहिमेची घोषणा झाली आणि २०२४ च्या ऑलिम्पिकचे लक्ष्य ठेवले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये याच संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. देशभरातले खेळाडू, पंच, पथके यांची व्यवस्था हा जिल्हा करू शकतो, याचा हा पुरावा. त्याआधी, मे २०१८ मध्ये, ‘मिशन शौर्य’खाली चंद्रपूर जिल्ह्याच्या आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. आदिवासी विकास विभागाच्या क्रीडा संमेलनांची प्रकल्प, विभाग आणि राज्य अशी साखळी तयारच आहे. कबड्डी, खो-खो, धावण्याच्या शर्यती तीत रंगतात. गडचिरोली पोलिसही वीर बाबुराव शेडमाके व्हॉलीबॉल आणि बिरसा मुंडा कबड्डी या नावांनी स्पर्धा भरवतात, आणि दुर्गम गावांतले संघ त्यांत उतरतात. राहिला बांबू. दशकानुदशके इथला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे गेला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आणला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१४ पासून आहे. इंडियन राउंडची धनुष्ये ठरावीक ताकदीची आणि एकसारखी बनवणे ही या केंद्राच्या कुवतीतली गोष्ट आहे, आणि ग्रामसभांना बांबूचा चांगला भाव देणारे एक नवे कामही त्यातून उभे राहू शकते.

म्हणजे साहित्य सगळे आहे. तुटलेला आहे तो दुवा. एव्हरेस्ट मोहीम ठरावीक काळापुरती होती. ‘मिशन शक्ती’ एका ऑलिम्पिकपुरती आखलेली होती, आणि पॅरिसला गेलेल्या भारतीय तिरंदाजी संघात या दोन जिल्ह्यांतले कुणी नव्हते. मोहिमेचा दोष तिच्या हेतूत शोधू नये. तारखेला बांधलेली कोणतीही योजना तारीख उलटली की विसरली जाते, आणि अधिकारी बदलले की फाईलही बदलते. वार्षिक स्पर्धेचे तसे नसते. ती दरवर्षी स्वतःची आठवण करून देते, खर्चाची तरतूद मागते, निकाल जाहीर करते. पहिल्या वर्षी भामरागड प्रकल्पातून किती मुले आली आणि पाचव्या वर्षी किती, हे कुणालाही मोजता येते. म्हणून मोहिमेपेक्षा स्पर्धा अधिक जबाबदार ठरते.

यावर पहिला आक्षेप तिरंदाजीच्या जाणकारांचाच असेल. ज्या प्रकाराला जगात स्थान नाही त्यावर पैसा आणि मुलांची वर्षे का घालवायची? सरळ रिकर्व्ह द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या फ्रँचायझी लीगमध्येही रिकर्व्ह आणि कंपाउंड हेच प्रकार होते, खेळ त्याच दिशेने निघाला आहे. आक्षेप वजनदार आहे, आणि त्यातली दिशा मला मान्य आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला आहे, त्यामुळे त्या धनुष्याचे महत्त्व वाढणारच. पण पाच हजार मुलांच्या हातात लाखाचे धनुष्य देणे कोणत्याही सरकारला जमणार नाही, आणि कुणाला द्यायचे हे निवडण्यासाठी आधी पाच हजारांना काहीतरी हातात द्यावेच लागेल. इंडियन राउंड हे ते काहीतरी आहे. त्याला शेवटचे ठिकाण मानले तर जाणकारांचे म्हणणे खरे ठरते. त्याचा निवडीसाठी उपयोग केला तर जगात एवढी स्वस्त निवडपद्धत दुसरी सापडणार नाही. स्पर्धेचा मुख्य नियम त्यामुळे असा हवा: १५ वर्षांखालील गटात पहिल्या सोळांत आलेल्या मुलाला आणि मुलीला त्याच वर्षी रिकर्व्ह किंवा कंपाउंड, आणि निवासी प्रशिक्षणात जागा. बक्षिसाची रक्कम कमी असली तरी चालेल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो जिल्ह्यातूनच येईल. जिथे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, जिथे मलेरिया आणि कुपोषण यांच्याशी अजून झगडा चालू आहे, तिथे धनुष्यबाणांचे सोहळे कशाला? रस्ते, दवाखाने आणि शिक्षक यांच्या आधी खेळ यावा, असे मी म्हणणार नाही. पण हा पैसा त्या पैशातून काढायचा नाही. गडचिरोलीचे सुरजागडचे लोहखनिज आणि चंद्रपूरचा कोळसा दोन्ही जिल्ह्यांबाहेर संपत्ती निर्माण करतात. जमशेदपूरची अकादमी लोखंडाच्या कंपनीने उभी केली, सरकारच्या आरोग्य खात्याने नव्हे. सुरजागडच्या लोखंडातून तशी एक अकादमी अहेरी किंवा आलापल्लीला उभी राहावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. शिवाय निवासी प्रशिक्षण म्हणजे मुलांना रोज पुरेसे अन्न, नियमित तपासणी आणि चालू शाळा. पोटभर न जेवलेल्या मुलाकडून दिवसाला दोनशे वेळा धनुष्य ओढून होत नाही, त्यामुळे या खेळाला पोषणाचा विचार आधी करावाच लागतो. आणि वेळही हीच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती आणि त्याच्यासोबतच्या साठ माओवाद्यांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. पोलीस ठाणी आणि खाणी यांच्यापलीकडे शासन आपल्यासाठी काय घेऊन येते, हे गावागावांतली तरुण मुले आता पाहत आहेत.

वनखात्याकडून तिसरी शंका येऊ शकते. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि ताडोबाच्या शेजारी धनुष्यबाणाला प्रतिष्ठा देणे धोक्याचे नाही का? बंदी योग्यच आहे. स्पर्धेचे बाण ठरावीक मापाचे असतात, आणि ते मैदानावर मोजून देता-घेता येतात. शिकार सुटल्यावर जे कौशल्य घरात पडून राहिले, त्याला कायदेशीर आणि मानाची जागा मिळाली तर वनखात्याचे काम उलट सोपे होईल. प्रत्येक गावातल्या सरावाच्या जागेची नोंद आणि बाणांचा हिशेब ग्रामसभेकडे ठेवला, की ही शंका उरत नाही.

स्पर्धेची आखणी इथल्या वर्षाला धरून व्हायला हवी, मुंबईत बसून ठरवलेल्या तारखांना धरून नको. पावसाळ्यात रस्ते बंद, दिवाळीच्या आसपास धानाची कापणी, मार्चमध्ये मोहफुले, त्यानंतर तेंदूपाने. पाने गोळा करण्याच्या दिवसांत घरातले प्रत्येक माणूस कामाला असते. राष्ट्रीय फेरीसाठी राहतो तो जानेवारी-फेब्रुवारीचा काळ. तेव्हा आश्रमशाळाही भरलेल्या असतात. नोव्हेंबरमध्ये शाळेशाळेत, डिसेंबरमध्ये चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड या पाच प्रकल्पांच्या पातळीवर, आणि जानेवारीच्या शेवटी राष्ट्रीय फेरी, असा क्रम बसतो. राष्ट्रीय फेरी एक वर्ष विसापूरला, एक वर्ष गडचिरोलीला घ्यावी. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, राजस्थान, गुजरात, तेलंगण आणि ईशान्येकडची राज्ये यांचे संघ बोलवावेत, कारण आपली मुले किती पाण्यात आहेत हे दुसऱ्याच्या मुलांशी गाठ पडल्याशिवाय कळत नाही. पंचांची आणि गुणांची व्यवस्था राष्ट्रीय संघटनेकडेच असावी, नाहीतर निकालाला बाहेर किंमत राहणार नाही.

खर्चाची जबाबदारी वर्षागणिक वेगवेगळ्या खात्यांच्या दारात फिरत राहिली, तर तिसऱ्या वर्षीच स्पर्धा बंद पडेल. म्हणून पहिल्याच वर्षी किमान दहा वर्षांचा निधी एका स्वतंत्र खात्यात ठेवावा. आदिवासी विकास विभाग, क्रीडा विभाग आणि खाण कंपन्या यांनी त्यात ठरावीक वाटा उचलावा, आणि रिकर्व्ह व कंपाउंड धनुष्यांच्या खरेदीचा हिशेब दरवर्षी राष्ट्रीय फेरीच्या दिवशीच मैदानावर फलकावर लावावा: कोणत्या गावच्या कोणत्या मुलाला मागच्या वर्षी कोणते धनुष्य मिळाले, आणि आज तो किंवा ती कुठे शिकते आहे.